हवाईतलं 'हाऊ' म्हणजे आपली भेंडी का?

प्रश्न असा आला आहे: "मुलीकडे होनोलुलूला गेले होते. समुद्रकाठी एक पसरट, गुंतागुंतीचं झाड दिसलं. मोठी बदामी आकाराची पानं आणि पिवळी फुलं. गाइड म्हणाला, याचं नाव हाऊ. यापासून पूर्वी होड्या, दोर, नाचाचे घागरे बनवत आणि विस्तवही पाडत. माझ्या आजोळी, मालवणला, कुंपणाला भेंडी असायची. हे तेच झाड का? आणि एवढे उपयोग खरंच होते की पर्यटकांना सांगायची गोष्ट?"

ताई, तुमच्या आजोळची भेंडी ती नव्हे. भेंडीची ती सख्खी चुलत बहीण. आणि गाइडने सांगितलं ते खरं आहे, एक दुरुस्ती सोडून: होडी हाऊची नसते. होडीचा एक मोक्याचा भाग हाऊचा असतो. त्याकडे येतोच.

मी पस्तीसेक वर्षं किनाऱ्यावरच्या वनस्पतींचं काम केलं. त्यातली तीन वर्षं ओआहू बेटावरच्या एका बागेत गेली. पहिल्या आठवड्यात हाऊची जाळी पाहून मीही 'अरे, भेंडी!' म्हणालो होतो आणि बागेतल्या माळ्याने मला अगदी शांतपणे ओळीत पुढच्या झाडापाशी नेलं होतं. ती खरी भेंडी होती. तिथे तिला 'मिलो' म्हणतात.

ओळखायची खूण सोपी आहे. फुलाच्या मधोमध जो दांडा असतो, त्याचं टोक पाहा. जास्वंदीच्या दांड्याच्या टोकाला पाच वेगळे ठिपके असतात ना, तसेच हाऊला असतात, कारण हाऊ जास्वंदीच्याच गोतातली. भेंडीचं टोक एकसंध, गदेसारखं. फूल हाताशी नसेल तर पान उलटं करा. भेंडीचं पान दोन्ही बाजूंनी तुकतुकीत. हाऊचं खालून पांढुरकं, बारीक लव असलेलं. फळ पिकल्यावर हाऊचं बोंड तडकून उघडतं आणि बी सांडतं. भेंडीचं चपटं गोल फळ तसं उघडत नाही, म्हणून तर पोरं त्याचे भोवरे करतात. फुलं मात्र दोघींचीही फसवी. सकाळी पिवळी, मध्यभागी गडद डाग. दुपार कलली की केशरीकडे झुकतात, आणि गळून पडतात तेव्हा तांबूस झालेली असतात. ओआहूच्या पूर्व किनाऱ्यावर हाउउला नावाचं गाव आहे. अर्थ 'लाल हाऊ'. आपल्याकडे पिंपळगाव किंवा वडगाव, तसंच.

आता तुम्हाला आवडेल अशी गोष्ट: हाऊ कोकणातही आहे. खाडीच्या कडेला, खारफुटी संपते आणि गोड्या पाण्याचा ओहोळ येऊन मिळतो तिथे पाहा. मराठीत बेलपटा किंवा बेलीपाटा. शास्त्रीय नाव हिबिस्कस टिलिएशियस. हे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली दिलं. अलीकडे काही तज्ज्ञ त्याला तालिपारिती या वेगळ्या प्रजातीत घालतात. 'टिलिएशियस' म्हणजे युरोपातल्या लिंडन झाडासारखं, पानावरून. गंमत म्हणजे युरोपातले लोक लिंडनच्या आतल्या सालीचेही दोर वळत. लिनियसने पानं पाहून नाव ठेवलं, पण नकळत कामाचंच ठेवलं.

आपल्याकडे भेंडीला नाव आहे, कुंपणात जागा आहे, तिच्या पानाच्या पिपाण्या आहेत. मुंबईत तर तिच्या नावाचा अख्खा बाजार आहे, असं निदान एक मत सांगतं (दुसरं मत 'बिहाइंड द बाजार'चा अपभ्रंश म्हणतं, आणि या वादात मी पडत नाही). बेलपट्याला मात्र खाडीकाठच्या माणसांनाही विचारलं तर अर्धे 'रानभेंडी' म्हणतात आणि उरलेले 'काहीतरी झाड'. पॉलिनेशियात, म्हणजे प्रशांत महासागरातल्या हवाई, ताहिती, सामोआ, टोंगा, रारोटोंगा अशा बेटांवर, नेमकं उलटं दिसतं. तिथे भेंडीला मान फार: ताहितीत तिला मिरो म्हणतात आणि मराए, म्हणजे देवस्थानाची दगडी आवारं, त्यांच्याभोवती ती लावत. हवाईत मिलोच्या लाकडाची वाडगी घडवत. पण सकाळपासून रात्रीपर्यंत हाताला लागायचं ते हाऊ.

नावांबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सामोआ आणि टोंगात या झाडाला फाउ म्हणतात. हवाईत हाऊ. रारोटोंगात नुसतं आउ, आधी गळ्यात किंचित अडकून. ही तीन वेगळी नावं नव्हेत. सामोआत घराला फाले म्हणतात, हवाईत हाले, रारोटोंगात आरे. म्हणजे 'फ'चा एकीकडे 'ह' झाला, दुसरीकडे तो गळ्यात विरला, आणि झाडाचं नाव त्याच वाटेने गेलं. आता पश्चिमेकडे वळा. फिजीत वाउ, गुआममध्ये पागो, जाव्हात वारू, मलायात बारू, आणि पार आफ्रिकेच्या कुशीत, मादागास्करला, वारो. सगळं एकाच मुळातलं. नकाशावर मादागास्कर ते हवाई बोट फिरवून पाहा. पृथ्वीचा जवळजवळ अर्धा घेर होतो. ताहितीने मात्र 'पुराउ' हा वेगळा शब्द धरला.

यातलं मला सर्वांत आवडतं उदाहरण न्यूझीलंडचं. माओरींचे पूर्वज उष्ण बेटांवरून तिकडे उतरले, तेव्हा हे झाड त्यांना त्या थंड किनाऱ्यावर मिळालं नाही. पण शब्द तोंडात होता. मग त्यांनी तिथल्याच एका मोठ्या पानांच्या झाडाला, एंटेलियाला, तो बहाल केला. आजही त्याला 'फाऊ' म्हणतात. त्याचंही लाकूड अतिशय हलकं, आणि त्यापासून ते जाळ्यांचे तरंगे करत. म्हणजे नाव देताना त्यांनी फक्त रूप पाहिलं नाही, काम पाहिलं.

हाऊचं बी मात्र स्वतःहून फिरतं. ते पोकळीमुळे तरंगतं आणि खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने जिवंत राहतं. म्हणूनच हवाईत हे झाड माणसांच्या आधीच वाहत आलं की होडीतून आणलं गेलं, यावर वनस्पतिशास्त्रज्ञ अजून भांडतात. माझं मत विचाराल तर दोन्ही झालं असावं. तयार फांदी खोचली की लागते असं झाड कोण मागे ठेवून येईल?

आता दोर. हे माझं खरं क्षेत्र आहे, त्यामुळे थोडा रेंगाळणार.

तुम्ही अंबाडीची भाजी खाल्लीच असेल. त्याच अंबाडीची काडी पाण्यात कुजवून वाख काढतात आणि वाखाचे दोर वळतात, हेही घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं असेल. अंबाडी हीसुद्धा हिबिस्कसच. हाऊचं तत्त्व तेच, फक्त काडीऐवजी फांदीची साल. सरळ वाढलेले, मनगटाएवढे कोंब निवडायचे, ज्यांना मध्ये फाटे फुटलेले नाहीत. फाटा आला की तिथे साल फाटते. बुंध्याशी आडवी चीर द्यायची आणि ओढायचं. साल लांब पट्ट्यासारखी सोलून येते. बाहेरची खरखरीत पाठ काढून टाकली की आतली पांढुरकी साल उरते, भेंडीच्या भाजीसारखी बुळबुळीत.

घाईचं काम असेल तर ही ओली पट्टीच सुतळी. लाकडाची मोळी बांधा, केळीचा घड काठीला अडकवा, मासे ओवा. झाडापाशी गेलं आणि दोरी घेऊन आलं. चांगला दोर हवा असेल तर पट्ट्यांची जुडी बांधून समुद्राच्या उथळ पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची. पाण्यातले जिवाणू तंतूंमधला चिकटा खातात, आणि साल कागदासारख्या पातळ थरांत सुटी होते. मग धुवायची, उन्हात पांढरी करायची, मांडीवर पीळ द्यायचा.

किती दिवस? इथे पुस्तकं एक सांगतात आणि पाणी दुसरंच. परत आल्यावर मी खाडीत बेलपट्याची जुडी भिजत घातली, गणपतीला गावी गेलो, आणि येऊन पाहतो तर दगडाखाली घाण वासाचा लगदा. गरम, संथ पाण्यात दोन आठवड्यांनंतर रोज हात घालून पाहावं लागतं. थर बोटाने सुटायला लागले की त्याच दिवशी बाहेर. लाटा खेळत असतील तर जास्त वेळ मिळतो. सामोआच्या एका आजींनी मला विचारलं होतं, 'तू वास घेत होतास की दिवस मोजत होतास?' मी दिवस मोजत होतो.

पण इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण उत्साही लेखांत तो सारखा दिसतो. हाऊचा दोर हा पॉलिनेशियातला सर्वोत्तम दोर नव्हता. 1769 साली कॅप्टन कुकच्या जहाजावरून ताहितीला गेलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सने हे नीट नोंदवून ठेवलं आहे: पुराउच्या सालीपासून बोटभर जाडीच्या दोरापासून बारीक सुतळीपर्यंत सगळं वळत आणि त्याची मासेमारीची जाळी करत, होडीचे भाग बांधायला नारळाच्या काथ्याची वेणी, आणि गळाची दोरी मात्र 'रोआ' नावाच्या झुडपाची. हवाईत हे मानाचं स्थान ओलोनाला होतं. ते डोंगरात, ओल्या ओढ्यांकाठी वाढणारं झुडूप, आणि त्याचा धागा इतका चिवट की परदेशी खलाशीही तो शोधत. म्हणजे प्रत्येक कामाला वेगळा धागा. ओलोना मिळवायला डोंगर चढावा लागे आणि खपून तयार करावा लागे. हाऊ दारात होती. घरात चांदीचं ताट एक असतं, रोज जेवतो ते स्टीलच्या.

घागऱ्याचं पाहू. पर्यटकांच्या जाहिरातीत ज्याला 'गवताचा घागरा' म्हणतात, तो ताहितीत गवताचा नसतोच. त्याला 'मोरे' म्हणतात आणि तो पुराउच्या आतल्या सालीच्या शेकडो पट्ट्यांचा असतो. भिजवून, वाळवून, केसासारख्या बारीक फाडलेल्या. रारोटोंगात त्याच मालाला किरिआउ म्हणतात: किरि म्हणजे कातडी किंवा साल, आउ म्हणजे आपलं झाड. नावातच कृती आहे. ताहितीत जुलैमध्ये हेइवा या उत्सवात नाचाच्या स्पर्धा होतात. तिथे ओतेआ नाच पाहायला मिळाला तर कमरेकडे नव्हे, पट्ट्यांच्या टोकांकडे पाहा. ढोलाच्या ठेक्यावर कंबर थांबते, आणि सालीचं टोक अर्ध्या क्षणाने थांबतं. प्लास्टिकच्या घागऱ्यात ते होत नाही. त्याला वजन नसतं. लाल रंग पूर्वी 'माती' नावाच्या रानउंबराची फळं आणि 'तोउ'ची पानं एकत्र कुस्करून देत. एकट्या फळात तो लाल नाही आणि एकट्या पानातही नाही. पिवळ्यासाठी हळद, ती तर आपल्या घरचीच.

सामोआ-टोंगात या सालीचं आणखी एक मानाचं काम आहे. कावा या मुळाचं पेय पाण्यात कालवून पिण्याचा तिथला विधी फार गंभीर असतो. कोणाला आधी पेला द्यायचा यावरून अख्ख्या गावाची मानाची उतरंड ठरते. त्या पातेल्यातला चोथा गाळायला सालीच्या तंतूंचा झुबका वापरतात. तो पाण्यात फिरवायचा, चोथा त्यात अडकतो, पिळायचा, झटकायचा, पुन्हा फिरवायचा. टोंगात त्या गाळणीलाच फाउ म्हणतात. झाडाचं नाव आणि गाळणीचं नाव एकच.

आता होडी. तुम्ही मालवणच्या, म्हणजे उलांडी ठाऊक असणार: अरुंद होडी कलंडू नये म्हणून बाजूला धरलेला तरंगता ओंडका. पॉलिनेशियन होडीचं तंत्र तेच. हवाईत होडीचं अंग कोआ या मोठ्या जंगली झाडाचं कोरत. बाजूचा ओंडका, 'आमा', शक्यतो विलिविलीचा. विलिविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याची बहीण, लाकूड भेंडासारखं हलकं. आणि होडी व आमा यांना जोडणारे दोन वाकडे वासे, 'इआको', ते हाऊचे.

का हाऊचे? लाट आली की होडी एका चालीने उचलली जाते आणि आमा दुसऱ्या. मधला वासा ताठ असेल तर तो मोडेल किंवा बांधणी तोडेल. हाऊचं लाकूड हलकं आणि चिवट असतं, लवतं आणि पुन्हा सरळ होतं. दुसरं कारण झाडाच्या सवयीत आहे. हाऊच्या फांद्या उंच जात नाहीत. त्या जमिनीकडे झुकतात, टेकल्या की मूळ धरतात आणि पुन्हा वर उठतात. त्यामुळे हवी ती कमान झाडावरच तयार मिळते. सुताराने सरळ लाकडातून वाक कापला तर तिथे रेषा तुटतात आणि वासा तिथेच मोडतो. झाडाने घातलेल्या वाकात रेषाही वाकासोबत जातात. आपल्याकडे नांगराचा वाकडा भाग निवडताना शेतकरी हेच पाहायचा. दगडी वाशीचे दांडेही हवाईत बहुधा हाऊचेच असत: एक फाटा असलेली फांदी, एका टोकाला दगड बांधला, दुसरं हातात. आज शर्यतीच्या होड्यांना बरेच क्लब पातळ पट्ट्या चिकटवून केलेले इआको लावतात, पण हाऊचा इआको घालणारे अजूनही आहेत आणि त्यांचा त्याबद्दलचा अभिमान ऐकण्यासारखा असतो.

विस्तवाच्या बाबतीत माझा अनुभव फजितीचा आहे. आपल्याला अरणीमंथन ठाऊक असतं. त्यात दांडा घुसळतात. पॉलिनेशियात घुसळत नाहीत, नांगरतात. वाळलेल्या हाऊच्या तुकड्यात लांब खाच करायची आणि कठीण लाकडाची बोथट काडी त्या खाचेत पुढे-मागे घासायची. काळा भुगा खाचेच्या टोकाशी साचतो. वेग वाढवत गेलं की तो भुगा धुमसतो, मग तो नारळाच्या शेंड्यांत घेऊन फुंकायचा. हवाईत खालच्या तुकड्याला औनाकी आणि काडीला औलिमा म्हणतात, आणि औलिमा ओलोमेआ या कठीण लाकडाची असे. मला शिकवणाऱ्या गृहस्थांनी एका मिनिटाच्या आत धूर काढला. मी वीस मिनिटं घासलं, तळहाताला फोड आले, धूर आला आणि विझला. माझं समाधान एवढंच की चार्ल्स डार्विनलाही सोपं गेलं नव्हतं. नोव्हेंबर 1835 मध्ये तो ताहितीच्या डोंगरात गेला, तेव्हा वाटाड्यांनी याच झाडाच्या पांढऱ्या हलक्या लाकडावर काही सेकंदांत विस्तव पाडला. त्याने स्वतः प्रयत्न केला तेव्हा घाम निघाला, पण शेवटी भुगा पेटला आणि त्याचा अभिमान त्याने लिहून ठेवला आहे. त्याच ठिकाणी तो हेही नोंदवतो की ओझी वाहायच्या काठ्या आणि होडीच्या उलांड्या याच लाकडाच्या करतात. म्हणजे तुमच्या गाइडला डार्विनची साक्ष आहे.

पानांबद्दल थोडक्यात: ताहितीत जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर अन्न शिजवतात, त्यावर झाकायला पुराउची पानं टाकतात, ती रुंद असतात आणि भरपूर मिळतात. इंडोनेशियात तर वारूच्या पानाचा वेगळाच वापर आहे. सोयाबीनचं टेंपे आंबवायचं विरजण पूर्वी या पानांवर धरत. खालची लव बुरशी नीट धरून ठेवते, म्हणून.

औषधाचं विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो. हवाईच्या जुन्या वैद्यकात कळ्या आणि सालीचा बुळबुळीत रस सौम्य रेचक म्हणून, कोरड्या घशाला आणि बाळंतपणात देत. बुळबुळीतपणाचा तर्क समजतो. घरी करून पाहू नका.

शेवटी, तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, मालवणच्या घराशी लावायची का. परदेशातून काडी आणू नका. ते बेकायदा तर आहेच आणि गरजही नाही, तुमच्याच खाडीवर ती आहे. पावसाच्या सुरुवातीला हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड फांदी तिरकी खोचा, बहुतेक लागते. पण विहीर, गडगा किंवा माडाच्या आळ्यापासून निदान वीस फूट दूर. हवाईत हाऊच्या जाळ्यांनी ओढ्यांची तोंडं बुजवली आहेत आणि सोडून दिलेली अळूची खाचरं गिळली आहेत. पूर्वी दोर, वासे, काठ्या यांसाठी ती सतत तोडली जाई. आता तोडणारा कोणी नाही, म्हणून ती वाटेल तशी पसरते. तुम्ही दर वर्षी दिवाळीनंतर कोयता चालवणार असाल तर लावा. तोडलेले सरळ कोंब टाकू नका. साल सोला, भिजत घाला, आणि पंधराव्या दिवसापासून वास घेत जा.